यंत्र कुरकुरूं लागलें म्हणजे

लोणावळ्यास आषाढ-श्रावणांत शेजारच्या खोलींतील माणसाची हांक ऐकूं येण्याची मारामार. तेथें यंत्राची कुरकुर कोण ऐकतो! वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथें कोसळतो, तेथें पत्र्यावरचा आणि कौलांवरचा तो अखंड ताशा घरांतले सारे लहानसहान आवाज गिळून टाकतो. पुढें भाद्रपद सरतो, घट बसतात, डोंगरावरचे ओहोळ बारीक होतात, आणि घर एकाएकीं नि:शब्द झालें म्हणजे मग ध्यानांत येतें कीं, बैठकीच्या खोलींतील संगणक पिठाच्या गिरणीसारखा घरघरत आहे. तो कदाचित् ज्येष्ठापासूनच घरघरत असतो.

लोणावळ्याच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे तें याच दिवसांतलें. त्यांच्या घरीं २०१४ सालीं घेतलेला, टेबलावर मांडावयाचा संगणक आहे. तो मुख्यत: त्यांचे मामंजी वापरतात. मामंजींचें वय अठ्ठ्याहत्तर. सकाळची स्नानसंध्या व पूजा आटोपली कीं ते यंत्रापाशीं बसतात, ते दुपारच्या पानावर बोलावणें येईपर्यंत. आणि तेथें ते आज कित्येक वर्षें आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत जुळवीत आहेत. या कार्यास आरंभ झाला तो याहूनहि जुन्या यंत्रावर. आतां आवाज इतका वाढला आहे कीं, पलीकडच्या खोलींत दहावीच्या वर्गांतील कन्येस अभ्यास करवत नाहीं. दीर पुण्यास नोकरीस आहेत. दिवाळीस येतांना नवा संगणक घेऊनच येतों, जुना भंगारवाल्यास देऊन टाका, असें त्यांनीं कळविलें आहे. मामंजी एवढेंच म्हणतात, “माझें काम पुरें होईपर्यंत यास कोणीं हात लावूं नये.” घरांत दोन पक्ष पडले आहेत, आणि भगिनींना दोन्हीकडची वाढपीण व्हावें लागत आहे. तरी यंत्र बदलावें कीं न बदलावें, हें या सदरांतून सांगावें, अशी त्यांची विनंति आहे.

असल्या प्रश्नास घरोघर दोन ठराविक उत्तरें मिळतात. तरुण मंडळी म्हणतात, दहा वर्षांवरचें यंत्र ठेवणें हा शुद्ध कंजूषपणा. वडील मंडळी म्हणतात, चालतें आहे तोंवर चालूं द्या. हीं दोन्ही उत्तरें यंत्राकडे न पाहतां दिलेलीं असतात. भांड्यांच्या बाबतींत आपल्या आज्या असा घोटाळा करीत नसत. पातेल्याची कल्हई गेली म्हणजे कल्हईवाल्याची वाट पाहावयाची, आणि पातेल्यास भोंक पडलें म्हणजे तें मोडींत घालावयाचें, हा व्यवहार त्यांस पक्का ठाऊक होता. कल्हई गेलेलें पातेलें मोडींत घालणारी सून उधळी ठरे, आणि भोंक पडलेल्या पातेल्यास कल्हई करून घेणारी सून वेडी ठरे. संगणकाच्या आवाजांतहि कांहीं आवाज कल्हई गेल्याचे असतात व कांहीं भोंक पडल्याचे. ते आधीं वेगळे ओळखले पाहिजेत. खरेदीची गोष्ट मागाहून.

ओळखण्यास फारशी सामग्री लागत नाहीं. १८१६ सालीं पॅरिसच्या लायनेक नांवाच्या डॉक्टरानें कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लावली, आणि तींतूनच पुढें डॉक्टरांच्या गळ्यांतील नळी जन्मास आली. तोच उपाय येथें चालतो. जाड कागदाची हातभर लांब सुरळी करावी, एक टोंक कानाशीं धरावें, आणि दुसरें यंत्राच्या पेटीबाहेरून, तिच्या निरनिराळ्या बाजूंस फिरवावें. आवाज कोठून येतो व कसा येतो हें पांच मिनिटांत कळतें.

वाऱ्यासारखा घोंघावणारा, आणि यंत्र तापेल तसतसा चढत जाणारा आवाज पंख्याचा. संगणकाचा जो प्रोसेसर, त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांची एक जुडी बसविलेली असते आणि तीवर पंखा वारा घालीत असतो. मावळांतल्या दमट हवेंत धूळ कोरडी राहत नाहीं. ती चिकट होऊन त्या पात्यांच्या फटींत नमद्यासारखी बसते. वाट बुजली कीं उष्णता आंत कोंडते. उष्णता वाढली कीं यंत्र आपण होऊन पंख्याची गति वाढवितें. गति वाढली कीं अधिक हवा, आणि हवेबरोबर अधिक धूळ, आंत ओढली जाते. अशा रीतीनें दरवर्षीं आवाज चढतो, व आपण म्हणतों, यंत्र म्हातारें झालें! वस्तुत: तें धांपा टाकीत असतें, तेंहि आपण त्याचें नाक बंद केल्यामुळें. पंख्याच्या आवाजाचें गणितहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. तोच पंखा निम्म्या गतीनें फिरला तर आवाज सुमारें १५ डेसिबलांनीं उतरतो; आणि १० डेसिबल उतार पडला कीं कानास आवाज जवळजवळ निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे नुसती धूळ काढून गति उतरविली, तरी पलीकडच्या खोलीस तो आवाज ऐकूंहि येणार नाहीं.

दुसरा आवाज गुणगुणीचा, एका सुरांतला. हा हार्ड डिस्कचा. तिच्यांतील चकती मिनिटास ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. त्या गतीचा खर्जांतला सूर पेटींतून टेबलांत उतरतो, आणि पोकळ लांकडी टेबल त्यास तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणें वाढवितें. पेटीखालीं रबराचे चार जाड तुकडे सरकवावे. बहुधा अर्धा तंबोरा तेथेंच थांबतो. तिसरा आवाज किरकिरीचा. गार सकाळीं यंत्र सुरू करतांना अधिक, आणि घटकाभरानें कमी. पंख्याच्या बेअरिंगांतील वंगण सुकलें कीं असें होतें. पंखा बदलावा, खर्च कांहीं शेंकड्यांचा.

हे तिन्ही आवाज कल्हईचे झाले. चौथा मात्र निराळा. ठराविक अंतरानें टक्-टक् असा आवाज, आणि त्या क्षणीं पडद्यावरचें काम थबकणें. हार्ड डिस्कमध्यें फिरत्या चकतीवर, केसाच्या जाडीहूनहि कितीतरी सूक्ष्म अशा हवेच्या थरावर, वाचणारें टोंक तरंगत असतें. त्यास आपली जागा सांपडेनाशी झाली म्हणजे तें पुन:पुन्हां मागें परततें. तो परतण्याचा हा आवाज. हें भोंक होय. हा आवाज ऐकूं आला तर त्या दिवशीं दुसरें कांहीं एक करूं नये. फाइलींची नक्कल बाहेर काढून घ्यावी, आणि स्वत:स तें साधत नसेल तर यंत्र बंद करून जाणत्याकडे न्यावें. मागाहून केव्हांतरी करूं म्हटलें, तर तो केव्हांतरी बहुधा येत नाहीं.

आणखी एक आवाज संगणकाचा नसतोच. घाटमाथ्यावर पावसाळ्यांत वीज जाण्या-येण्याचा खेळ असतो, म्हणून बहुतेक घरीं यू. पी. एस. असतो, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. थकली कीं तो भुणभुणतो, मधूनच चिरकतो. शिव्या मात्र संगणकास बसतात. भगिनींनीं सुरळी तिकडेहि फिरवून पाहावी.

लोणावळेंकरांस वास्तविक हें शास्त्र नवें नाहीं. बोरघाटाची रेल्वे १९२९-३० च्या सुमारास विजेवर आली, तेव्हां मालगाड्यांसाठीं स्विस बनावटीचीं जीं लांबनाकीं विजेचीं इंजिनें घाटांत आलीं, त्यांस रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत. हें इंजिन नुसतें उभें असतांना एक चमत्कारिक कण्हणें त्यांतून येई, आणि चालूं लागलें म्हणजे दांड्यांची सळसळ होई. पण तें कण्हणें हा त्याचा रोग नव्हता, स्वभाव होता. त्या कण्हण्यासकट हीं इंजिनें कित्येक दशकें राबलीं, आणि त्यांतलें एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत मानानें उभें आहे. सारांश, आवाज करणारें प्रत्येक यंत्र मरणोन्मुख असतें असें नाहीं. उलट, नव्या यंत्रांच्या मुकेपणाचें जें कौतुक चाललें आहे त्याचीहि दुसरी बाजू पाहावी. नव्या संगणकांत फिरती चकती नसून एस. एस. डी. असते, तींत हलणारा भागच नाहीं, म्हणून आवाज नाहीं. परंतु ती आजारी पडली तर कण्हणारहि नाहीं. काल चालत होती आणि आज सकाळीं उघडेना, एवढीच काय ती वार्ता. जुन्या चकत्या निदान टक्-टक् करून निरोप तरी देत.

पत्रांत आवाजाचें जें वर्णन आहे, म्हणजे दुपारीं चढतो, सकाळीं कमी असतो, वाऱ्यासारखा आहे, त्यावरून तो पंख्याचा आहे यांत मला संशय वाटत नाहीं. तेव्हां कल्हई काय करावयाची तें सांगतों. दुरुस्तीच्या दुकानीं यंत्राची पेटी उघडवून पात्यांतील धूळ हवेच्या झोतानें काढवावी. झोत मारतांना पंखा बोटानें धरून ठेवावा, भलताच गरगरूं देऊं नये. प्रोसेसर आणि पात्यांची जुडी यांमध्यें उष्णता वाहून नेणारा एक मलमासारखा लेप असतो, तो दहा वर्षांत खडूसारखा वाळतो. तो पुसून नवा लावावा. रॅमच्या पट्ट्यांचीं टोंकें दमटपणानें काळवंडतात. तीं दुकानांतला पोरगा शाळेच्या खोडरबरानें पुसून देतो, त्यास हंसूं नये, तो उपाय खरोखर चालतो. वीज पुरविणारी जी बंद डबी असते ती मात्र घरीं कोणींहि उघडूं नये. यंत्र बंद असलें तरी तिच्या पोटांत धक्का देण्याइतकी वीज सांठून असते. आणि एवढें झाल्यावर यंत्र जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून हातभर दूर ठेवावें. लोणावळ्याच्या पावसाळ्यांत भिंती पाझरतात, हें मीं लोणावळेंकरांस काय सांगावें! पावसाळ्याचे चार महिने यंत्र रोज अर्धा तास तरी चालूं ठेवावें, म्हणजे त्याच्या स्वत:च्याच उबेनें आंतली ओल उडते. चार महिने झांकून ठेवलेलें यंत्र दसऱ्यास पूजेला काढावें आणि तें सुरूच होऊं नये, हा अनुभव तिकडे पुष्कळांस असेल.

एवढ्यानें आवाज जाईल. मग नवें यंत्र घ्यावयास कांहीं कारण उरतें काय? दीरांचा पक्ष येथें अगदींच पोकळ नाहीं, आणि त्यास न्याय दिला पाहिजे. ते दोन गोष्टी सांगतात. एक विजेच्या बचतीची आणि एक सुरक्षिततेची.

पहिलीचा हिशेब सोपा आहे. जुना संगणक साधारण कामांत ६० वॅट आणि नवा लहान संगणक १५ वॅट वीज खातो असें धरूं. रोज सहा तास चालविला, तर जुन्यास वर्षाला सुमारें १३१ युनिटें लागतील, नव्यास ३३. बचत सुमारें शंभर युनिटांची. युनिटास दहा रुपये धरले तरी वर्षाकांठीं हजार रुपये. चाळीस हजारांचें यंत्र या बचतींतून फेडावयाचें म्हटल्यास चाळीस वर्षें लागतील. तोंवर तें नवें यंत्र कोठें असेल कोण जाणे! शिवाय वीज ही फक्त वापरण्यांतच जाते असें नाहीं. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ सालच्या अहवालांत असें दाखविलें होतें कीं, त्या काळचा एक संगणक व त्याचा पडदा घडविण्यास निदान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायनें आणि दीड हजार किलो पाणी खर्चीं पडतें. आजचीं यंत्रें लहान झालीं आहेत, तरी चिपा घडविण्याचा खटाटोप कमी झालेला नाहीं. आपल्या मावळास या उद्योगाचें नुसतें वारें लागून गेलें. वेदान्त-फॉक्सकॉनच्या चिपांच्या कारखान्यासाठीं तळेगांवचें नांव घेतलें जात होतें; सप्टेंबर २०२२ मध्यें तो गुजरातेकडे गेला, आणि जुलै २०२३ मध्यें फॉक्सकॉननें त्यांतून अंगच काढून घेतलें. तो आला असता तर एका चिपेमागें किती पाणी लागतें हें तळेगांवकरांस घरबसल्या समजलें असतें.

दुसरी गोष्ट मात्र खरी आहे. विंडोज १० या प्रणालीस सुरक्षिततेच्या मोफत सुधारणा पुरविणें मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस तेवढी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली. विंडोज ११ साठीं टी. पी. एम. नांवाची सुरक्षा-चिप, आणि इंटेलचा असेल तर बहुधा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१४ चें यंत्र त्या पंक्तीस बसत नाहीं. म्हणजे या यंत्रास हें एक भोंक खरेंच पडलेलें आहे, आणि त्याचा आवाज होत नाहीं एवढेंच. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणें, विजेचें बिल भरणें, येणारीं पत्रें उघडणें हें शहाणपणाचें नव्हे. मामंजींनीं ही गोष्ट मान्य केली पाहिजे.

पण मामंजी त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करीत नाहींत, कुलवृत्तांत लिहितात. आणि येथेंच हा प्रश्न आवाजाचा किंवा पैशाचा राहत नाहीं. पत्राच्या तळाशीं भगिनींनीं सहज एक ओळ लिहिली आहे: मामंजींचें लिखाण पेजमेकरमध्यें आहे, त्यांच्या अक्षरांचा प्रोग्राम जुना आहे, आणि यंत्राच्या मागें एक लहानसें कुलूप लावल्याशिवाय तो चालत नाहीं. त्यांना ती ओळ किरकोळ वाटली असावी. मला सबंध पत्रांत तीच महत्त्वाची वाटली.

संगणकावर मराठी कशी आली, याचा थोडा मागोवा येथें घेणें जरूर आहे. पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था निघाली. भारतीय लिपींच्या संकेतांचें इस्की नांवाचें प्रमाण १९९१ सालीं ठरलें. युनिकोडची पहिली आवृत्तिहि त्याच सालची, आणि तींतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरच बेतलेली आहे. परंतु युनिकोड घरोघरच्या यंत्रांत रुळावयास पुढें बरींच वर्षें गेलीं. मधल्या काळांत छापखाने, वर्तमानपत्रें आणि मामंजींसारखे हौशी संशोधक सी-डॅकचें आय. एस. एम., पुण्याच्याच मॉड्युलरचें श्री-लिपि, अशा प्रोग्रामांवर काम करीत. त्यांत युक्ति अशी असे कीं, यंत्रास मराठी येतच नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांतून मराठी अक्षरांचीं चित्रें भाडेकरू म्हणून ठेवलेलीं असत. डोळ्यांस ‘गोविंद’ दिसे, यंत्राच्या वहींत मात्र निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ असे. कोणतें चित्र कोणत्या खोलींत, हें प्रत्येक प्रोग्रामाचें निराळें. तो प्रोग्राम व त्याचा फॉन्ट गेला, कीं कुलवृत्तांताची पानें उघडतात खरीं, पण वाचावयास कोणी उरत नाहीं.

त्यांत पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ति २००१ सालची. इनडिझाइन हा तिचा वारस. पण त्यालाहि पेजमेकरच्या फाइली उघडण्याची विद्या सी. एस. ६ या आवृत्तीपर्यंतच येत होती. शिवाय तें मागचें कुलूप. असलीं जुनीं कुलुपें छपाई-यंत्राच्या जाडजूड पॅरलल पोर्टांत बसत. आजच्या संगणकांस तें भोंकच नसतें. म्हणजे दिवाळीस नवें यंत्र आलें, जुनें त्याच दिवशीं भंगारांत गेलें, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं मामंजी संध्या आटोपून नव्या यंत्रापाशीं बसले, तर त्यांस आपल्याच लिहिण्यांतली एक ओळ वाचतां येणार नाहीं. “यास हात लावूं नका” या बोलण्यामागें हट्ट थोडा असेल. बाकी भीति आहे, आणि ती भीति साधार आहे.

“आतां सगळें आपोआप बदलून देणारे प्रोग्राम आहेत,” असें दीर म्हणतील. आहेत. आणि ते वापरलेच पाहिजेत. कारण जुन्या फॉन्टांतलें लिखाण युनिकोडांत आणल्यावांचून पुढच्या पिढीस त्याचा उपयोग नाहीं. परंतु ‘आपोआप’ हा शब्द जपून उच्चारावा. जुन्या पद्धतींत पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं लिहिली जाई, कारण ती दिसते आधीं. युनिकोडांत ती अक्षरामागून येते, कारण उच्चार मागून होतो. रफाराचें नेमकें उलट. बदलणाऱ्या प्रोग्रामास हीं सर्व अक्षरें उचलून पुढें-मागें बसवावीं लागतात, आणि जोडाक्षरें तिहेरी असलीं कीं त्याची धांदल उडते. विशेषत: पापणीसारखा काढतात तो ‘ऱ्य’मधला र पुष्कळदां गळून पडतो. मग कोणा पेशवेकालीन वाड्यांतील आचाऱ्यास तें यंत्र एका क्षणांत आचार्यांच्या पंक्तीस बसवितें. घराण्याची प्रतिष्ठा वाढते हें खरें, पण कुलवृत्तांत खोटा होतो. शिवाय कादंबरींत एक वेलांटी चुकली तर वाचक सुधारून वाचतो. कुलवृत्तांतांत नांव आणि सन यांखेरीज दुसरें असतेंच काय? तेथें वाचकानें कशावरून सुधारावें?

म्हणून बदललेलें प्रत्येक पान जुन्या पानाशीं ताडून पाहिलें पाहिजे, आणि ताडण्यास जुनें पान वाचतां येणारें यंत्र जिवंत पाहिजे. ताडण्यास माणूसहि पाहिजे. कोंकणांतल्या अमक्या शाखेंतील दत्तकाचें मूळचें नांव कोणतें, तमक्या आजींचें माहेर कोठलें, हें जाणणारें माणूस त्या घरांत एकच आहे, व त्याचें वय अठ्ठ्याहत्तर आहे. ही माहिती ज्यांनीं पत्रांनीं कळविली त्यांतील कितीतरी मंडळी एव्हांना नाहींत. नवें यंत्र, नवा प्रोग्राम, नवा कळफलक यांशीं ओळख करून घेण्यांत पंचविशीच्या मुलाचा एक आठवडा जाईल. मामंजींचे सहा महिने जातील, आणि ते सहा महिने कोणत्याहि दुकानीं विकत मिळत नाहींत. दीरांनीं आपल्या हिशेबांत हा आंकडा धरलेला दिसत नाहीं.

परंतु मामंजींनाहि एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. सुनेनें सांगण्यास संकोच वाटत असेल तर हा मजकूर त्यांच्यापुढें ठेवावा. इतक्या वर्षांचें काम दहा वर्षांपूर्वीच्या एका फिरत्या चकतीवर, एकाच प्रतींत ठेवणें, हें त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या साऱ्या कुटुंबांच्या दृष्टीनें योग्य नव्हे. “हात लावूं नका” हें या बाबतींत चालावयाचें नाहीं. हात आजच लावला पाहिजे, धूळ काढण्याच्याहि आधीं. सर्व फाइली, आणि त्यांबरोबर फॉन्टांच्या फाइलीहि, दोन निराळ्या ठिकाणीं उतरून घ्याव्या. त्यांतील एक प्रत पुण्यास दीरांकडे असावी. पेन-ड्राइव्ह किंवा एस. एस. डी. दीर्घकाळ कपाटांत विजेवांचून पडून राहिली तर तिच्यावरचें लिखाण पुसट होऊं शकतें, म्हणून वर्षांतून दोनदां तरी ती यंत्रास लावून पाहावी. जेवढीं पानें झालीं आहेत तीं चांगल्या कागदावर छापूनहि घ्यावीं. आणि तो गठ्ठा लोणावळ्यास नव्हे, कोरड्या गांवीं ठेवावा. लोणावळ्याची बुरशी कुलवृत्तांतांत भेद करीत नाहीं.

यानंतर जुनी फिरती चकती काढून तिच्या जागीं एस. एस. डी. बसवावी, व चकतीवरचें सर्व कांहीं, प्रोग्राम व फॉन्ट यांसकट, जसेंच्या तसें तिच्यावर उतरवावें. दुकानदार त्यास क्लोन म्हणतात. ‘नव्यानें विंडोज टाकून देतों, यंत्र अगदीं कोरें करून देतों’ असें तो आपण होऊन म्हणेल. त्यास निक्षून नाहीं म्हणावें. कोरें झालें तर जुना मराठी प्रोग्राम पुन्हां बसविण्यास मूळच्या चकत्या लागतील, आणि त्या घरांत सांपडतील याची खात्री कोणीं द्यावी? एस. एस. डी. बसली कीं खर्जांतली गुणगुण जाईल, यंत्र चपळहि होईल. हा सारा खर्च नव्या यंत्राच्या किंमतीच्या पासंगासहि लागत नाहीं. मग इंटरनेटची तार काढून टाकावी. तार नसलेल्या यंत्रास विंडोजच्या सुधारणा बंद झाल्याचें फारसें भय नाहीं. फक्त त्यास लावावयाचा पेन-ड्राइव्ह आधीं दुसऱ्या यंत्रावर तपासून घ्यावा. मामंजींचें यंत्र मग एक उत्तम, शांत टंकलेखन-यंत्र होईल, आणि तें काम त्यास चांगलें जमतें.

दीरांनीं देऊं केलेले पैसे परत करूं नयेत. देणाऱ्याचा उत्साहहि मोडूं नये. दहावीनंतर कन्येस अभ्यासाला संगणक लागेलच. तो या दिवाळीस न घेतां परीक्षेनंतर, तिला कोणत्या शाखेस जावयाचें तें ठरल्यावर घ्यावा, आणि तो घेतांना बँकेचीं वगैरे कामें त्याच्याकडे द्यावीं. तोंवर तीं कामें घरांतल्या एखाद्या अद्ययावत् मोबाइलवरून करतां येतात. कन्येला दीडशें-दोनशें पानें युनिकोडांत बदलून आजोबांसमोर बसून ताडून घेतां आलीं तर उन्हाळ्याची सुटी सत्कारणीं लागेल. एकानें जुन्या पडद्यावरून मोठ्यानें वाचावें व दुसऱ्यानें नव्यावर पाहावें, ही छापखान्यांतली जुनी रीत याहि कामास सर्वांत चांगली. टंकलेखन-यंत्राच्या मांडणीचा कळफलक युनिकोडांतहि मिळतो, तेव्हां पुढेंमागें आजोबांस त्या यंत्रावर बसावयाचें झालें तरी बोटांची संवय मोडणार नाहीं.

भंगारवाल्याविषयीं मात्र दीरांशीं माझा मतभेद राहील. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांअन्वयें असलीं यंत्रें नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे गेलीं पाहिजेत. आंतल्या पट्ट्यांत शिसें असतें, जुन्या पेट्यांत आणखीहि जहाल पदार्थ असतात. रस्त्याकडेला तारा जाळून तांबें काढणारांच्या फुप्फुसांत तें जातें, आणि मावळांत तें पावसाबरोबर इंद्रायणींत व पवनेंत उतरतें. कुलवृत्तांत छापून झाला, आणि त्याच्या युनिकोडांतील प्रतीवर मामंजींनीं शेवटचा हात फिरविला, म्हणजे मग यंत्र कोणाकडे द्यावयाचें तें पाहूं. तेव्हांहि आंतील एस. एस. डी. आणि पाठीमागचें तें कुलूप काढून घरींच ठेवावें.

या सर्वांत निकडीचें काम नकलांचें. तें एका दुपारचें आहे. धूळ काढणें, लेप, पंखा, एस. एस. डी. यांस दुकानीं फार तर दोन दिवस. नरकचतुर्दशीच्या आंत हें होण्यास हरकत नसावी.